बेशुद्ध माणसाला उलटी झाली तर? (सांगली-मिरज-तासगावकरांनी वाचावं असं)

मिरजेची सिस्टर:

मंडळी, नमस्कार. जेवत असाल तर हा धागा नंतर उघडा.

ड्यूटी सांभाळून मी प्रथमोपचाराची प्रात्यक्षिकं घेते. तरुण मंडळं, कारखान्यातले कामगार, घाटावर पोहायला येणारे ग्रुप. सगळीकडं एकच चित्र. पुतळ्याची छाती दाबायला पोरं रांग लावतात, व्हिडिओ निघतात, स्टेटसला जातात. मग मी म्हणते, "आता याला उलटी झाली असं समजा." की घोळका दोन पावलं मागं सरकतो आणि कुणीतरी फिस्सकन हसतं. पुतळा ओकत नाही हो, माणूस ओकतो. त्या वेळी शेजारी बसलेल्याला काय करायचं ते माहीत नसेल, तर बाकी सगळं शिकलेलं फुकट जातं.

शुद्धीतला माणूस ओकतो तेव्हा पोटाचे स्नायू जोर लावतात, तो आपोआप पुढं वाकतो, चुकून थेंब श्वासनलिकेकडं गेला तर ठसका लागतो. बेशुद्धीत यातलं काहीच होत नाही. जठराच्या तोंडाशी जो स्नायू वाट आवळून धरतो तो सैल पडतो, ठसका जातो, गिळणं जातं. बूच नसलेली बाटली आडवी करावी तसं पोटातलं गुपचूप वर येतं, घशात साठतं आणि पुढच्या श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं. ओकारीचा आवाजसुद्धा येत नाही. नातेवाईक म्हणतात, "शांत झोपला होता की."

दोन आवाज मात्र ओळखता आले पाहिजेत. घोरल्यासारखी घरघर असेल तर जीभ मागं पडली आहे. एक हात कपाळावर, दुसऱ्या हाताची दोन बोटं हनुवटीच्या हाडाखाली, डोकं मागं आणि हनुवटी वर. बहुतेक वेळा घरघर तिथंच थांबते. दुसरा आवाज गुळगुळ असा, गुळण्या केल्यासारखा. तो आला की घशात पातळ काहीतरी साठलंय. तिथं नुसती हनुवटी उचलून भागत नाही, माणूस कुशीवरच वळवावा लागतो.

कुशीवर कसं वळवायचं? माणूस हाकेला, चिमट्याला उत्तर देत नाही पण श्वास नीट चालू आहे, असा असेल तर त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसा. आपल्याकडचा हात शरीराशी काटकोनात बाजूला पसरा. पलीकडचा हात छातीवरून आणून त्याच्या तळव्याची मागची बाजू आपल्याकडच्या गालाला लावा आणि तिथंच धरून ठेवा. आता पलीकडचा गुडघा उभा करा आणि तो आपल्याकडं ओढा. ताकद लागत नाही. माझ्यापेक्षा दुप्पट वजनाचे पैलवान मी असे वळवलेत, कारण गुडघा ओढला की अख्खं शरीर त्याच्यामागं येतं. वरचा पाय गुडघ्यात काटकोनात ठेवा म्हणजे माणूस पालथा कलंडत नाही. शेवटी डोकं थोडं मागं आणि तोंड जमिनीकडं. तोंडाचा कोपरा हा सगळ्यात खालचा भाग झाला पाहिजे. बाकी कितीही सुंदर जमलं आणि तोंड आभाळाकडं राहिलं, तर उपयोग शून्य.

मग तिथून उठायचं नाही. दर मिनिटाला श्वास बघायचा. १०८ ला आधीच फोन, स्पीकरवर टाकून. बाई गरोदर असेल तर डाव्या कुशीवर. आणि कृपा करून तोंडात पाणी घालायचं नाही. आपल्याकडं माणूस पडला की पहिला तांब्या पळतो. चेहऱ्यावर शिंपडलंत तर चालून जाईल, ओठांत ओतायचं नाही.

तुमचे प्रश्न, अनुभव लिहा. जमेल तशी उत्तरं देते.

भडंगवाला:

जेवतानाच उघडला. ताटात तांबडा रस्सा होता. होता.

लई उपयोगी. वाचनखूण साठवली.

शंकासुर:

सिस्टर, मुद्दा पटला पण घोटाळा होतोय. टीव्हीवर सांगतात पाठीवर झोपवा आणि छाती दाबा. तुम्ही म्हणता कुशीवर करा. नक्की काय?

मिरजेची सिस्टर:

श्वासावर ठरतं. श्वास नीट चालू असेल तर कुशी. श्वास नसेल, किंवा मासा पाण्याबाहेर काढल्यावर तोंड उघडतो तसे अधूनमधून आचके देत असेल, तर ते आचके म्हणजे श्वास नव्हे. तिथं पाठीवर, कठीण जमिनीवर, आणि छातीच्या मध्यावर दाब. मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटिमीटर खोल. शिकलेले असाल तर ३० दाबांनंतर २ श्वास.

आता दाबत असताना उलटी वर आली तर? येतेच. ती आली म्हणजे माणूस जागा झाला असं समजून लोक थांबतात, जागा झालेला नसतो. दाबामुळं आणि पोटात गेलेल्या हवेमुळं ते वर येतं. डोकं, मान, धड एकदम, आख्खा माणूस कडेला वळवा. आपल्याकडं की पलीकडं याचा विचार करत बसू नका. दिसेल ते पुसून बाहेर काढा, परत पाठीवर, परत दाब. हे सगळं १० सेकंदांत बसवायचा प्रयत्न करा. स्वच्छ, चकाचक करायला जाऊ नका, तेवढा वेळ मेंदूकडं रक्त जात नसतं.

आणि श्वास देताना फुग्यात हवा भरल्यासारखी जोरात फुंकर मारू नका. एक सेकंदभर, छाती उचललेली दिसेल एवढंच. जास्तीची हवा पोटात जाते आणि पोटातलं वर आणते. निम्म्या उलट्या फुंकणाऱ्यानंच ओढवून घेतलेल्या असतात, असं माझं आपलं मत.

शंकासुर:

आणि बोट घालून काढायचं की नाही? आमच्या आजोबांच्या वेळी घशात बोट घालूनच...

मिरजेची सिस्टर:

दिसतंय ते काढा, दिसत नाही ते शोधू नका. आंधळेपणानं बोट फिरवलं की भाताचा घास अजून खाली जातो. लहान मुलांच्यात तर हमखास. दोन बोटांना रुमाल किंवा ओढणी गुंडाळायची, माणूस कुशीवर असताना खालच्या गालाच्या आतून बाहेरच्या दिशेनं ओढायचं. दात आवळले गेले तर बोट जातं, हे मनात असू दे. कवळी सैल असेल तर काढा, घट्ट बसलेली राहू द्या. कवळीमुळं गाल आत ओढले जात नाहीत, श्वास देताना तोंड नीट बसतं.

हातमोजे कुणाच्या खिशात असतात? दुधाची रिकामी पिशवी हातात घाला, चालतं.

नदीवेडा:

सरकारी घाटावर रोज सकाळी असतो. सिस्टर, बुडालेल्याबद्दल लिहा ना. आमच्याकडं अजून माणूस बाहेर काढला की पहिलं काम पोट दाबणं. एक जण पोटावर बसतो, दुसरा पाय धरून उलटा करतो. पाणी भळाभळा बाहेर येतं आणि काठावरचे म्हणतात, "निघालं बघा पाणी!"

मिरजेची सिस्टर:

ते पाणी पोटातलं असतं. फुप्फुसात गेलेलं पाणी बहुतेक वेळा थोडंच असतं, आणि ते दाबून निघत नाही. पोट दाबलं की पाण्याबरोबर सकाळचे पोहे वर येतात आणि जिथं जायला नको तिथं जातात. म्हणजे बुडण्यातून वाचवलेला माणूस काठावर दुसऱ्यांदा बुडतो.

बुडालेल्याला हवा हवी असते, म्हणून त्याच्यात आधी श्वास. युरोपातल्या नियमावलीत सुरुवातीला ५ श्वास आहेत, अमेरिकेतल्या २. आकड्यावरून वाद नको, आधी श्वास हे दोन्हीकडं सारखं आहे. नुसती छाती दाबायचा सल्ला रस्त्यात अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसासाठी ठीक, बुडालेल्यासाठी आणि लहान मुलांसाठी अपुरा.

तोंडातून पांढरा फेस येत राहतो. तो पुसत बसू नका, संपत नाही. फेसावरूनच श्वास द्या. उलटी आली तर मात्र वळवा. ऑस्ट्रेलियातल्या किनाऱ्यांवरच्या १० वर्षांच्या नोंदी आहेत: ज्यांना फक्त श्वास द्यावा लागला त्यांच्यातल्या ६५ टक्क्यांना उलटी झाली, ज्यांची छातीही दाबावी लागली त्यांच्यातल्या ८६ टक्क्यांना. म्हणजे घाटावर उलटी होणार असं धरूनच बसायचं. झाली नाही तर नवल.

नदीवेडा:

८६!! हे आमच्या ग्रुपवर टाकतो. उद्या परत कुणी पोटावर बसला तर त्यालाच पाण्यात ढकलतो.

जुना स्काऊट:

माझं वय आता सत्तरीपार. आम्हाला शाळेत बुडालेल्या माणसाला पालथं घालून, त्याचे हात डोक्याखाली घेऊन, पाठ दाबायची आणि मग कोपरं धरून उचलायची असं शिकवलं होतं. परीक्षा पण होती त्याची. ते सगळं चूक होतं का?

भूलवाला डॉक्टर:

काका, त्या काळात तेच प्रमाण होतं. होल्गर नील्सन या डॅनिश लष्करी अधिकाऱ्याची १९३२ ची पद्धत ती. त्याआधी शेफरची, १९०३ ची, तीही पालथं घालूनच. आणि त्याच्याही आधी सिल्व्हेस्टरची, १८५८ ची, त्यात माणूस उताणा आणि हात वर-खाली. पालथं घालण्यात एक फायदा नकळत मिळायचा, तोंडातलं बाहेर गळून जायचं. पण हवा फारच कमी आत जायची.

१९५० च्या दशकात बाल्टिमोरमध्ये पीटर सफार यांनी स्वयंसेवकांना भूल देऊन, स्नायू शिथिल करून या पद्धती तपासल्या. तोंडाने दिलेला श्वास सगळ्यात सरस ठरला. आणि दुसरी गोष्ट आमच्या धंद्याच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाची: डोकं मागं केलं नाही तर बेशुद्ध माणसाची वाट जिभेनं बंद होते, मग तुम्ही पाठ दाबा नाहीतर पोट. छाती दाबण्याची जोड त्याला १९६० मध्ये मिळाली, तीही बाल्टिमोरमधूनच.

आलोच आहे तर एक गाऱ्हाणं. ऑपरेशनच्या आधी आम्ही पेशंटला उपाशी ठेवतो ते छळायला नाही. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनी ४४,०१६ गरोदर बायकांच्या नोंदी तपासल्या. त्यातल्या ६६ जणींच्या फुप्फुसात भुलेखाली पोटातलं गेलं होतं. दोघी घन अन्नानं गुदमरून गेल्या. बाकीच्यांना त्रास झाला तो मुख्यतः जठरातल्या आम्लानं. ते फुप्फुसाचं अस्तर भाजून काढतं. त्याच अनुभवावरून आजचा नियम: घन अन्न ६ तास बंद, साधं पाणी २ तास. दुधाचा चहा 'पाणी' या सदरात येत नाही! सकाळी आठच्या केसला साडेसहाला आजीला चहा-खारी दिलेली असते आणि विचारलं की अख्खं खानदान म्हणतं, "कडकडीत उपास आहे डॉक्टर."

भडंगवाला:

"घोटभर चहानं काय होतंय" हे आमच्या आईचं वाक्य डॉक्टरांना कसं कळलं?

द्राक्षबाग तासगाव:

आमच्याकडचा प्रश्न वेगळा हाय. फवारणी करताना गडी चक्कर येऊन पडतो, नायतर घरात भांडण झालं की कुणीतरी बाटली उघडतं. (हे बोलायला नको वाटतं, पण गावागावात हाय.) मग मीठपाणी पाजून उलटी काढायची पद्धत. त्याबद्दल सांगा.

मिरजेची सिस्टर:

दादा, बरं झालं तुम्ही विचारलंत.

उलटी काढायची नाही. मीठपाणी नाही, घशात बोट नाही, दूध नाही, अंड्याचं पांढरं नाही, काही नाही. औषध पोटात असताना माणूस कधी बेशुद्ध होईल सांगता येत नाही, आणि ज्या क्षणी तुम्ही उलटी काढता त्याच क्षणी त्याची शुद्ध गेली तर सगळं फुप्फुसात. बरीच औषधं रॉकेलसारख्या द्रावणात कालवलेली असतात. ते पोटात गेल्यावर जेवढं नुकसान करतं त्यापेक्षा किती तरी जास्त फुप्फुसात गेल्यावर करतं. वर मिठाचं पाणी भरपूर पाजलं की रक्तातलं सोडियम वाढून त्यानंच माणूस दगावू शकतो. लहान पोरानं चुकून रॉकेल प्यालं तरी हेच, उलटी काढायची नाही.

द्राक्षबागेतल्या काही कीटकनाशकांत डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, घाम फुटतो आणि तोंडाला लाळ एवढी सुटते की माणूस स्वतःच्या लाळेतच गुदमरतो. त्याला कुशीवर ठेवलं तर निम्मी लढाई तिथंच होते. अंगावरचे कपडे काढा, कारण कातडीतून विष आत जात राहतं. साबण-पाण्यानं धुवा. तुमच्या हातात पिशवी किंवा मोजे हवेतच. तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका अशा वेळी. आणि बाटली सोबत घ्या. फुटली असेल तर लेबल तरी फाडून घ्या. लेबलवरचा त्रिकोण लाल असेल तर सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. बाटली पाहिली की डॉक्टरांचा शोधाशोधीचा वेळ वाचतो.

द्राक्षबाग तासगाव:

लेबल फाडून घ्या हे डोक्यात ठेवतो. आमच्यात बाटली विहिरीत फेकून देतात, "परत दिसायला नको" म्हणून.

हरिपूरकर:

अवांतर: आमच्या हरिपुरात हळदीची पेवं (हळद साठवायचे जमिनीखालचे खोल खड्डे) असायची, २००५ च्या पुरात बरीच गेली. पेवात हवा कोंडलेली असते. एक जण आत पडला की दुसरा काढायला उतरतो, तोही पडतो. वाट मोकळी करणं वगैरे ठीक, पण आधी स्वतः आत उडी घेऊ नये हेही लिहा.

मिरजेची सिस्टर:

१००% बरोबर. विहीर, गोबर गॅसची टाकी, पेव, सगळीकडं तेच. दोर टाका, अग्निशमनला बोलवा, वर आल्यावर बाकीचं. यावर तुम्हीच वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन.

सासूबाईंची लाडकी:

आमच्या जाऊबाईंच्या मुलाला फिट येते. घरात एकदम धावपळ. एक जण कांदा फोडतो, दुसरा चप्पल हुंगवतो, तिसरा हातात किल्ल्यांचा जुडगा देतो, सासूबाई दातात चमचा घालायला बघतात. मी सगळ्यात धाकटी, मी काय बोलणार.

मिरजेची सिस्टर:

ताई, फिट आपली आपण थांबते. म्हणून कांद्यानंही थांबली असं वाटतं आणि चपलेनंही. कांदा फोडू दे त्यांना, कामात राहतील. चमचा मात्र हातातून काढून घ्या. दात तुटून घशात जातो, आणि चमच्यानं जीभ वाचते वगैरे काही नाही.

झटके चालू असताना धरून ठेवू नका. डोक्याखाली काहीतरी मऊ सारा, जवळचं फर्निचर दूर करा आणि घड्याळ बघा. झटके थांबले की लगेच कुशीवर. तेव्हा तोंडात लाळ, कधी रक्त, कधी उलटी असते आणि माणूस अजून गुंगीत असतो. त्या दहा-पंधरा मिनिटांत पाणी-चहा काही नाही. झटके ५ मिनिटांपेक्षा जास्त चालले किंवा शुद्ध न येता परत सुरू झाले तर १०८.

सासूबाईंना तुम्ही सांगू नका. हा धागा त्यांच्या फोनवर पाठवा, "मिरजेच्या दवाखान्यातल्या सिस्टर म्हणतात" असं लिहून. चालतं बघा.

सासूबाईंची लाडकी:

😂 पाठवला. निळ्या टिका आल्यात. उत्तर नाही.

वरातीतला पाहुणा:

डिसेंबर-मेमध्ये आमच्याकडं एक वरात कोरडी जात नाही. दोन-तीन गडी मंडपाच्या मागं आडवे असतातच. "झोपू दे, सकाळपर्यंत उतरंल" हाच उपचार. हे धोक्याचं का?

मिरजेची सिस्टर:

झोपलेला आणि बेशुद्ध यातला फरक बघा. खांद्यावर थोपटून, कानाजवळ नाव घेऊन, छातीच्या हाडावर बोटांच्या पेरांनी घासून उठला, शिव्या दिल्या, कूस बदलली तर झोपलाय. काहीच हललं नाही तर ती झोप नाही. श्वास मिनिटाला ८ पेक्षा कमी, दोन श्वासांत १० सेकंदांपेक्षा जास्त अंतर, ओठ निळसर, अंग गार, यातलं काही दिसलं की उतरायची वाट बघू नका. दारू पोटातून रक्तात चढतच असते. तासाभरापूर्वी बोलत होता म्हणून आता ठीक आहे असं नाही.

लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची बादली, यानं दारू उतरत नाही. बेशुद्धाच्या घशात लिंबूपाणी ओतणं म्हणजे आधीच्या मटणाला वाट करून देणं. कुशीवर ठेवा, पाठीमागं लोड किंवा गादीची गुंडाळी लावा म्हणजे उताणा होणार नाही, आणि एका न पिलेल्या माणसाला शेजारी बसवा. हा न पिलेला माणूस शोधणं हेच तुमच्याकडं अवघड असेल.

वरातीतला पाहुणा:

आचाऱ्याला बसवू. तो पित नाही, मिशा खाली येतात म्हणतो.

शंकासुर:

परत मीच. अपघातात "मान हलवू नका" म्हणतात. आणि हेल्मेट काढू नका म्हणतात. मग हेल्मेटमध्ये ओकला तर?

मिरजेची सिस्टर:

शंकासुर, नावाला जागलात.

मान दुखावलीय अशी शंका असेल आणि माणूस शुद्धीवर, श्वास नीट, तोंड मोकळं असेल तर हलवू नका. एक जण डोक्यामागं बसून दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरेल, बस. पण श्वासाची वाट बंद झाली तर मानेचा विचार दुसरा. श्वास न मिळालेल्या माणसाची मान सांभाळून उपयोग काय? तीन-चार जण असाल तर एकानं डोकं धरायचं, बाकीच्यांनी खांदा, कंबर, पाय, आणि डोकं धरणाऱ्याच्या हाकेवर लाकडाच्या ओंडक्यासारखा एकसंध वळवायचा. एकटे असाल तर जमेल तसा वळवा. वाट बघू नका.

पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, आत उलटी किंवा रक्त, आणि काच वर करून तोंडापर्यंत पोचता येत नसेल तर काढावंच लागतं. दोघं हवेत. एक जण खालून मान आणि जबडा धरतो, दुसरा हेल्मेटच्या कडा बाहेरच्या बाजूला ताणून आधी नाक मोकळं होईल असं, मग मागून सरकवत काढतो. पट्टा आधी सोडा, नाहीतर कापा. गडबडीत पट्ट्यासकट ओढणारे बघितलेत.

कायद्याचं बोला:

लोक हात लावायला घाबरतात ते उलटीमुळं कमी आणि पोलिसांमुळं जास्त. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४अ आलंय. रस्ते अपघातात सद्हेतूनं मदत करणाऱ्यावर मदत करताना झालेल्या इजेबद्दल दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-पत्ता देण्याची सक्तीही करता येत नाही. त्याआधी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली होती. कुणी दवाखान्यात "आधी नाव लिहा, मग पेशंट घेतो" म्हणालं तर हे सांगा.

बाळाची आई:

पाच महिन्यांचं बाळ दूध ओकतं, नाकातून पण येतं. उताणं असताना झालं की माझा जीव जातो. काय करू?

मिरजेची सिस्टर:

घाबरू नका, जागं आणि रडणारं बाळ म्हणजे वाट मोकळी आहे. चटकन कुशीवर करा, डोकं अंगापेक्षा किंचित खाली, आधी तोंड पुसा मग नाक. पाय धरून उलटं टांगू नका. बाळाचं डोकं मोठ्या माणसासारखं मागं वाकवू नका, सरळ ठेवलं की पुरतं. रडू येत नाही, आवाज बंद, निळं पडतंय असं झालं तर हातावर पालथं घेऊन, डोकं खाली, खांद्यांच्या मधे ५ थापट्या, मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी ५ दाब, आलटून पालटून. तेवढ्यात घरातल्या दुसऱ्यानं फोन लावायचा.

वडापवाला:

सिस्टर, माझी जत लाइनला वडाप हाय. १०८ येतीया, पण आडगावात टाइम लागतो. मग लोक पेशंट माझ्या गाडीत घालत्यात. मोटारसायकलवर दोघांच्या मधी बसवून आणल्याला पण बघितलाय, मान छातीवर पडल्याली. गाडीत कसा ठेवायचा ते सांगा.

मिरजेची सिस्टर:

दादा, मोटारसायकलवर मधे बसवून बेशुद्ध माणूस अजिबात नेऊ नका. मान छातीवर पडली की वाट बंद. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत संपलेलं असतं आणि मागचा माणूस "मी धरून बसलो होतो" म्हणत राहतो. खुर्चीत, सीटवर बसवून नेलं तरी तेच.

पहिला फोन १०८ लाच. ते वाटेत गाठ घालायला सांगतात कधी कधी, फोन चालू ठेवा. त्यांच्याकडं घसा ओढून साफ करायचं यंत्र असतं, ते तुमच्या-माझ्याकडं नसतं.

साधी कार असेल तर मागच्या सीटवर डाव्या कुशीवर, तोंड पुढच्या सीटकडं, डोकं डाव्या दाराकडं. म्हणजे उलटी खाली पायाकडच्या जागेत पडते, सीटच्या पाठीत तोंड दाबलं जात नाही, आणि गरज पडली तर रस्त्याच्या कडेचं दार उघडून वळवता येतं. एक माणूस खाली पायाच्या जागेत, डोक्यापाशी उकिडवा. त्याचं काम एकच, हनुवटी धरून श्वास बघणं. गाडीत सगळे बसले आणि डोक्यापाशी कुणीच नाही, असं होऊ देऊ नका.

वडापवाला:

माजी जीप हाय. मागं दोन बाकडी समोरासमोर.

मिरजेची सिस्टर:

मग बाकड्यांवर नको, मधल्या जागेत खाली. पोतं अंथरा. कुशीवर, पाठ एका बाकड्याला टेकवून, डोकं मागच्या दाराकडं. दोन माणसं बास, बाकीच्यांना एसटीनं येऊ दे. दार कडीनं पक्कं लावा, खड्ड्यात उघडतं. आणि हॉर्न कितीही वाजवा, पण ब्रेक दाबून मारू नका. गचका बसला की परत उलटी.

वडापवाला:

पोतं कायम असतंय गाडीत. अजून दोन टाकतो.